नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळी आणि प्रौढांचे धर्मशिक्षण



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलावयास उभा राहिला म्हणजे तो बोनसवर किंवा महागाईभत्त्यावर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. मी आज विषय घेतला आहे तो ख्रिस्ती मंडळीतील प्रौढांच्या धर्मशिक्षणाचा. मी पंडित नव्हे. जे वाचले ते कामातून सवड काढून, वाचनालयाची पुस्तके घरी नेऊन वाचले. परंतु ज्याने तीस वर्षे मोठ्या वयाच्या माणसांना संघटनेत आणण्याचे काम केले, त्याच्यापुढे एक प्रश्न रोज उभा असतो. पावती फाडली म्हणजे सभासद झाला हे खरे. पण सभासद घडतो केव्हा? नेमका हाच प्रश्न आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळीपुढे जवळजवळ दोनशे वर्षे आहे. बाप्तिस्मा एका दिवसाचा विधी आहे. श्रद्धा अंगी मुरावयास मात्र वर्षे लागतात. ती कशी मुरली, कोणी मुरविली आणि कोठे कमी पडले, याचा हिशेब आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

लहान मुलाला धर्म मिळतो तो आईच्या कुशीत. मोठ्या माणसाचे तसे नसते. त्याच्या मनाची पाटी कोरी नसते; तीवर आधीचे पुष्कळ लिहिलेले असते. त्याला सण आठवतात, ओव्या आठवतात, अपमानही आठवतात. अशा माणसाला नवी शिकवण द्यावयाची तर त्याच्या मनात जे आहे त्याच्याशी तिचे नाते जोडावे लागते. ही गोष्ट मराठी मुलखात फार पूर्वी एका परक्याने ओळखली होती. इंग्लंडमधून १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ आहे. त्याच्या आरंभीच एक प्रसंग येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक नवख्रिस्ती पाद्रीबाबांना विचारतो की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही पुराण का देत नाही? त्या उत्तरासाठी ग्रंथ रचला गेला. म्हणजे मराठी ख्रिस्ती साहित्याच्या मुळाशी एका प्रौढ विद्यार्थ्याची मागणी आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांनी त्याचे समाधान झाले नव्हते.

आता नगरकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले आणि १८३१ च्या अखेरीस ते आपल्या शहरात आले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक येथूनच निघू लागले. आरंभी बाप्तिस्मा घेणारे थोडे होते आणि त्यांत काही ब्राह्मणही होते. पुढे खेड्यापाड्यांतून जे मोठ्या संख्येने आले ते बहुतांशी महार आणि मांग समाजातले होते. या मिशनची घडण अशी होती की, प्रत्येक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा. मंडळीत येऊ इच्छिणाऱ्याने सर्वांसमोर उभे राहून आपण का येतो हे सांगावयाचे, प्रश्नांना उत्तरे द्यावयाची आणि मग मंडळीने त्याला आपल्यात घ्यावयाचे, अशी तिची रीत होती. यातला गंभीर अर्थ पाहा. ज्याला गावाच्या चावडीवर पायरीपाशी उभे राहावे लागे, ज्याचे मत कोणी कधी विचारले नव्हते, त्याला कोणीतरी प्रथमच विचारीत होते, “तुला काय वाटते आणि ते का वाटते?” माझ्या मते त्याचे धर्मशिक्षण या प्रश्नापासून सुरू झाले.

१८५४ साली आणखी एक पाऊल पडले. हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी माणसांना नगरच्या मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा देण्यात आली. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे त्याच सुमारास हिंदुस्थानात आले होते. मंडळीने स्वतःचा कारभार पाहावा, स्वतःचा खर्च सोसावा आणि स्वतःच प्रसार करावा, हे त्यांचे सूत्र जगभर गाजले. आम्ही संघटनावाले याला साध्या शब्दांत सांगतो की, बाहेरच्या पैशावर चाललेली संघटना सभासदांची नसते. तथापि सूत्र मांडणे निराळे आणि सोडून देणे निराळे. मिशनच्या पगारावर शिक्षक, प्रचारक आणि पाळक अवलंबून राहिले, तोवर निर्णयाची दोरी पुष्कळ काळ परदेशी हातांत राहिली. माणूस वयाने मोठा आणि हक्काने लहान, अशी अवस्था त्यामुळे होते. तिची सल पुढे नगरच्याच एका थोर माणसाने बोलून दाखविली. त्याच्याकडे मी येणारच आहे.

तत्पूर्वी दुष्काळाचे बोलले पाहिजे, कारण या इतिहासावरचा सर्वांत मोठा आक्षेप तेथेच आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने आपला जिल्हा होरपळून निघाला. मिशनने अन्न दिले, काम दिले, आणि त्यानंतर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. ‘हे पोटासाठी ख्रिस्ती झाले’ असे तेव्हाही म्हटले गेले, आजही म्हटले जाते. खुद्द मिशनऱ्यांनाही ही शंका छळीत होती. मी या आक्षेपाला बगल देणार नाही. पुष्कळजण भुकेपोटी आले असतील, हे मी मान्य करतो. पण भुकेने आलेला माणूस खोटाच असतो, हे मी मुळीच मान्य करीत नाही. आमच्या संघटनेत कामगार येतो तो दोन रुपये मजुरी वाढावी म्हणून. त्यात लाजण्यासारखे काय आहे? येऊन तो पुढे काय होतो, हे पाहावयाचे असते. दहा वर्षांनी तोच माणूस दुसऱ्या कारखान्यातल्या अनोळखी कामगारासाठी स्वतःची मजुरी बुडवतो, तेव्हा त्याच्या पहिल्या दिवसाचा हेतू विचारण्यात शहाणपण नसते. दार कोणते होते यावरून घराची परीक्षा होत नाही.

आणि परीक्षा इतिहासानेच घेतली. १९५० साली अनुसूचित जातींचा जो आदेश निघाला, त्यात सवलती हिंदूंपुरत्या ठेवण्यात आल्या. पुढे १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. म्हणजे पोटाचाच हिशेब करावयाचा तर तेव्हापासून फायद्याचे पारडे नेमके दुसऱ्या बाजूला होते. असे असूनही आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे उघडपणे ख्रिस्ती राहिली. काहींना कागदावर एक आणि घरात एक असे जगावे लागले, त्यांना मी दोष देत नाही. पण ज्यांच्या पणजोबांना ‘भाकरीचे ख्रिस्ती’ म्हटले गेले, त्या घरांनी श्रद्धेपायी भाकरीचा तुकडा सोडला, एवढे तरी आपण प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे.

ही श्रद्धा अंगी मुरली कशाने? नुसत्या प्रवचनांनी ती मुरली नसती. अक्षरशून्य माणसापुढे छापील पुस्तक मुके असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या मंडळीने कीर्तन आपलेसे केले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी टाळमृदंगाच्या साथीने ख्रिस्तचरित्र गायिले. पूर्वरंग, उत्तररंग, मध्येच अभंग, ही घडण श्रोत्यांच्या रक्तातली होती. दिवसभर राबून आलेला माणूस बाकावर बसून व्याख्यान ऐकताना पेंगतो. धृपद उचलावयाचे असले म्हणजे तो जागा राहतो. त्या काळची गीते ‘उपासना संगीत’ या संग्रहातून आजही नगरच्या चर्चमध्ये गायिली जातात. ज्यांना वाचता येत नव्हते अशा आज्यांनी ती नातवंडांना तोंडपाठ दिली. शिकणारा शिकविणारा झाला, म्हणजे शिक्षण पुरे झाले असे समजावे.

प्रौढाच्या श्रद्धेचा सर्वांत बोलका दाखला मात्र एका बाईचा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते नगरला येऊन राहिले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कर्मठ घरातल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आभाळ कोसळले. काही काळ त्या दूर राहिल्या. नंतर जवळ आल्या तरी आपले सोवळे सोडले नाही. टिळकांनी सक्ती केली नाही. लक्ष्मीबाईंनी पाहिले, भांडून घेतले, विचार केला. देवाने जाती केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच सोडविला, आणि १९०० साली स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. मधली वर्षे वाया गेली, असे कोणी म्हणेल काय? तीच त्यांची शाळा होती. पुढे त्याच बाईंनी कीर्तने केली, ‘स्मृतिचित्रे’ लिहिली आणि पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पूर्ण करण्याचे काम हाती घेऊन तडीस नेले. घाईने नोंदलेल्या शंभर नावांपेक्षा वाट पाहून मिळालेले असे एक मन मंडळीला अधिक देऊन जाते.

आणि टिळक? १९०४ साली त्यांना पाळकपणाची दीक्षा मिळाली, ‘ज्ञानोदया’तून त्यांची लेखणी चालली. परंतु मिशनच्या चौकटीत मराठी माणसाचा आत्मा मोकळा श्वास घेत नाही, ही खंत त्यांना जाळीत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा होती. १९१९ साली टिळक वारले आणि तो प्रयोग फार वाढला नाही. पण वर ज्या सलीचा मी उल्लेख केला ती हीच. प्रौढाला शिकवावयाचे आणि त्याच्यावर विश्वास मात्र टाकावयाचा नाही, हे फार दिवस चालत नाही.

कॅथलिक मंडळीची वाट थोडी निराळी. राहुरीकडील केंदळ, वळण या भागांत येशूसंघीय धर्मगुरूंनी काम केले. तेथे खेड्यातला ‘मास्तर’ हाच शाळा घेई आणि प्रार्थनाही घेई. मिस्सा लॅटिनमध्ये आणि प्रार्थना मराठीत, असा तो काळ होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) उपासना लोकभाषेत आणली. १९७२ साली प्रौढांच्या ख्रिस्तदीक्षेचा नवा विधी रोमहून आला, पण त्यातली कल्पना फार जुनी आहे. आरंभीच्या शतकांत इच्छुकाला तीन तीन वर्षे थांबवीत. तो काय पाठ करतो यापेक्षा तो विधवांना, आजाऱ्यांना भेटतो काय, हे विचारीत. नव्या विधीतही टप्पे आहेत. आधी शोध, मग शिक्षण, मग उपवासकाळातील आत्मपरीक्षण, ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा. आणि त्यानंतरही शिक्षण चालूच. शेवटची गोष्ट मला विशेष वाटते. नाव नोंदविल्यावर वर्ग बंद करावयाचा नसतो, तेव्हा तो खरा सुरू होतो.

आज परिस्थिती काय आहे? नगरच्या जुन्या मिशनची मंडळी १९७० पासून उत्तर भारतीय चर्चमध्ये आहे. जिल्ह्यातील कॅथलिक धर्मग्राम १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात आहेत. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीच्या यात्रेस सर्व धर्मांचे लोक लोटतात. गर्दीला माझा विरोध नाही. मोर्चालाही गर्दी लागते. पण मोर्चा संपल्यावर दहा माणसे कंदिलाच्या उजेडात बसून हिशेब आणि विचार करतात, त्यांच्यावर संघटना टिकते. धर्मग्रामातही लहानपणी शिकलेल्या धड्यांवर माणूस साठ वर्षे काढतो. मुलगा बेकार झाला, सून घर सोडून गेली, जमीन कर्जात गेली, तेव्हा ते धडे अपुरे पडतात. त्या वेळी त्याला बसावयास जागा, बोलावयास आपली भाषा आणि ऐकावयास चार माणसे मिळाली, तरच त्याची श्रद्धा वयाने वाढते.

हे केवळ ख्रिस्ती बांधवांना सांगतो असे समजू नका. आपल्या प्रत्येकाच्या देवळात, विहारात, मशिदीत आणि संघटनेत नावे नोंदलेली पुष्कळ आहेत. नगरच्या या इतिहासाने दाखविले ते इतकेच की, मोठ्या माणसाला प्रश्न विचारू द्यावा, त्याच्या सुरात गाऊ द्यावे, त्याच्या हाती कारभार द्यावा, आणि घाई करू नये. जेथे या चारही गोष्टी झाल्या तेथे दुष्काळात आलेला माणूसही सुगीत टिकून राहिला.