वफ्रा : तेल, आग आणि आग विझवणाऱ्यांची संघटना



कुवेतमध्ये राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना वफ्रा ठाऊक आहे ते मुख्यतः तिथल्या शेतांमुळे. हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी गाडी काढायची, दक्षिणेकडे सुमारे 100 किलोमीटर जायचे आणि ताजे टोमॅटो, काकड्या, पालेभाजी घेऊन यायचे. पण याच वाळूखाली तेल आहे. आणि जिथे तेल आहे तिथे आग विझवणारी माणसे लागतातच. त्यांच्याविषयी आणि त्यांच्या संघटनांविषयी थोडी माहिती येथे देत आहोत.

वफ्रा ज्या पट्ट्यात आहे तो 1922 च्या उकैर करारानुसार कुवेत आणि सौदी अरेबिया यांच्यामधील तटस्थ प्रदेश होता. पुढे जमिनीची वाटणी झाली, मात्र तेल दोघांचे निम्मे निम्मे राहिले. वफ्रा क्षेत्रात तेल 1953 साली सापडले. दोन्ही देशांतील मतभेदांमुळे मे 2015 मध्ये हे क्षेत्र बंद पडले, डिसेंबर 2019 मध्ये समझोता झाला आणि 2020 साली उत्पादन पुन्हा सुरू झाले.

१९९१ चा धूर

आपल्यातील जुन्या मंडळींना ऑगस्ट 1990 विसरता येणार नाही. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी दीड लाखाहून अधिक भारतीय मुंबईला परतले, त्यात मराठी घरेही होती. फेब्रुवारी 1991 मध्ये इराकी सैन्याने माघार घेताना 600 हून अधिक विहिरी पेटवल्या. बुरगानचे नाव सर्वांना माहीत असते, पण वफ्राच्या विहिरीही त्यातून सुटल्या नाहीत. दुपारी बारा वाजता मोटारींचे दिवे लावावे लागत.

तेलविहिरीची आग पाणी मारले की विझते, असा समज आहे. तो खरा नाही. पाणी लागते ते आधी माणसांना आणि यंत्रांना थंड ठेवायला आणि तापलेली जमीन निववायला. मग ज्योत तोडायची, कधी पाण्याच्या माऱ्याने तर कधी स्फोटकांनी, आणि त्यानंतर उसळते तेल तोंडाशी बंद करायचे. हा शेवटचा भाग सर्वांत धोक्याचा, कारण ज्योत नसली तरी एका ठिणगीने सगळे पुन्हा पेटते. वाळवंटात एवढे पाणी कुठून आणायचे? तर जे नळ तेल समुद्राकडे नेत, त्यांतूनच उलटे समुद्राचे पाणी आणून मोठ्या तळ्यांत साठवले गेले. हंगेरीच्या पथकाने रणगाड्यावर मिग विमानाची इंजिने बसवून आणली होती! कुवेतच्या स्वतःच्या पथकात सारा अकबर या महिला अभियंताही होत्या. काही वर्षे लागतील असे बोलले जात होते, पण शेवटची विहीर 6 नोव्हेंबर 1991 रोजी बंद झाली.

संघटना कोणाची, कशासाठी

अमेरिका आणि ब्रिटनमधील आपल्या वाचकांना अग्निशामकांची युनियन ही रोजच्या ओळखीची गोष्ट आहे. दोन्ही देशांतल्या मोठ्या संघटना 1918 सालच्या. अमेरिकेत चौकात बूट पुढे करून उभे असलेले जवान तुम्ही पाहिले असतील. स्नायूंच्या आजारांच्या रुग्णांसाठीची ती वर्गणी त्यांची युनियन 1954 पासून गोळा करते आहे. पगार आणि कामाचे तास हे मूळ काम, पण गावाशी नाते जोडले जाते ते असल्या उपक्रमांतून.

कुवेतचे चित्र वेगळे आहे. संघटना स्वातंत्र्याचा आंतरराष्ट्रीय करार (क्रमांक 87) कुवेतने 1961 सालीच मान्य केला, जो भारताने आजवर केलेला नाही! त्या कराराने सूट दिली आहे ती सैन्य आणि पोलिसांपुरती, अग्निशामकांना नाही. कुवेतचे सरकारी अग्निशमन दल मात्र हुद्द्यांचे, गणवेशधारी दल आहे. 2020 पासून ते 'कुवेत फायर फोर्स' या नावाने ओळखले जाते. कामगार संघटनांचा खरा जोर दिसतो तो तेलक्षेत्रात. एप्रिल 2016 मध्ये पगाराच्या प्रश्नावर तेल कामगारांनी तीन दिवस संप केला, तेव्हा पहिल्याच दिवशी उत्पादन सुमारे 28 लाख पिंपांवरून 11 लाखांवर आले.

आपल्यासाठी महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. 1964 च्या कायद्याने परदेशी कामगाराला पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर युनियनचे सभासद होता येत असे, पण मत नाही आणि पदही नाही. 2010 च्या नव्या कायद्याने संघटना स्थापन करण्याचा हक्क कुवेती कामगारांपुरता ठेवला. म्हणजे मझऱ्यावर किंवा कंपनीच्या इमारतीत राहणाऱ्या आपल्या माणसाने "दार बाहेरून बंद असते" ही तक्रार कोणाकडे न्यायची? प्रत्यक्षात ती मित्रांकडे, मंडळांकडे आणि दूतावासाकडे येते.

हा प्रश्न कागदी नाही. 12 जून 2024 रोजी पहाटे मंगफ येथील कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि सुमारे 50 जण दगावले, त्यांत 45 भारतीय होते. सर्वाधिक केरळचे, एक महाराष्ट्राचा. आग तळमजल्यावर होती, माणसे गेली ती मुख्यतः धुराने. मंगफ आणि वफ्रा एकाच अहमदी प्रांतात येतात.

मुंबईकरांना हे नवे नाही. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि 66 अग्निशामक कामावर असताना गेले. भारतात 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. वरिष्ठ स्वतः आत शिरतात ही त्या दलाची रीत, पण तिची किंमत फार मोठी आहे. श्वसनसंच, कामाचे तास, जुनी यंत्रे असे विषय कोणी तरी सतत लावून धरावे लागतात, आणि ते काम संघटनेचे.

वफ्राला जाणाऱ्यांसाठी

आपत्कालीन क्रमांक 112. शेतांच्या भागात रस्ते सारखे दिसतात, म्हणून ब्लॉक आणि प्लॉटचा क्रमांक फोनमध्ये आधीच लिहून ठेवा, अरबीतही. थंडीत तंबूत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्या वायूला वास नसतो. मझऱ्यावर ओळखीचा कामगार राहत असेल तर त्याच्या खोलीला दुसरे दार आहे का, गॅसची टाकी आत आहे की बाहेर, आणि रात्री कुलूप कोण लावते, हे एकदा विचारून घ्या. भाजी घेता घेता होणारे काम आहे.