आडनाव लागलेला आजार

ताम्हिणीच्या अंगाच्या एखाद्या वाडीतला पंचविशीतला मुलगा पोट धरून पौडच्या ग्रामीण रुग्णालयात येतो. बेंबीच्या खाली, उजव्या बाजूला दुखतं. महिनोन्महिने अधूनमधून जुलाब, संध्याकाळची कणकण, उतरलेलं वजन. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या मुलीची तक्रारही हीच असू शकते. घरातली थोरली माणसं अशा दुखण्याला संग्रहणी म्हणत आली. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर अख्खा अध्याय आहे. डॉक्टरांच्या मनात मात्र आधी येतो तो आतड्याचा क्षय, आणि ते योग्यच आहे. टीबी आपल्याकडे अजून गावोगाव आहे.

पण लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्याच वळणावर आणखी एक आजार ठाण मांडतो: क्रोन. त्याची कुळकथा क्षयाला वगळून सांगताच येत नाही.

रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला. पुढे १९१३ मध्ये ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅलझील यांनी काही रुग्णांची हकीकत छापली. आतडं क्षयात होतं तसंच जाड आणि ताठर, पण क्षयाचा जंतू काही सापडेना. डॅलझील यांना आठवली ती गुरं. खाणं चालू असूनही हगवणीने वाळत जाणाऱ्या जनावराचा जोन्स रोग त्यांना या आतड्यांशी मिळताजुळता वाटला. त्या रोगाचा जंतू क्षयाच्या जंतूचाच भाऊबंद. माणसातल्या आजाराशी त्याचा संबंध संशोधक आजही तपासतात. सिद्ध मात्र झालेला नाही.

नाव पडलं ते १९३२ मध्ये, न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयात. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १४ रुग्णांवर निबंध लिहिला. त्यातल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे सर्जन बर्ग यांनी लेखक म्हणून नाव लावायला नकार दिला. उरलेल्या तिघांची नावं इंग्रजी वर्णक्रमाने लागली आणि क्रोन पहिले आले. बर्ग यांनी होकार दिला असता, तर आज आपण बर्गचा आजार म्हणत असतो. आजाराला आधी सुचवलेलं नाव होतं ‘टर्मिनल इलायटिस’, म्हणजे लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची सूज. पण ‘टर्मिनल’ म्हटलं की रुग्णाला मरण दिसतं, म्हणून तो शब्द काढून ‘रीजनल’ केला. रुग्णाच्या कानाचा एवढा विचार झाला, हे मला त्या निबंधाइतकंच मोलाचं वाटतं. हा आजार मोठ्या आतड्यातही होतो, हे मात्र १९६० च्या सुमारास लंडनच्या डॉक्टरांनी दाखवल्यावरच पक्कं मान्य झालं. तोंडापासून गुदद्वारापर्यंत तो कुठेही होऊ शकतो.

तो होतो कसा? आतड्यात अब्जावधी जीवाणू सुखाने नांदत असतात आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्यांना चालवून घेते. क्रोनमध्ये हा सलोखा मोडतो. अंगातली आनुवंशिक ठेवण, बदललेलं खाणं-राहणं, तंबाखूचा धूर, यांतलं काहीबाही एकत्र येतं आणि संरक्षक पेशी घरच्यांवरच उठतात. सूज आतल्या अस्तरावर थांबत नाही, आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते. म्हणून आतडं अरुंद होतं, आणि म्हणूनच भगंदरही होतं. वर्षानुवर्षं मूळव्याध समजून औषध घेतलेल्या काही भगंदरांचं मूळ वर आतड्यात असतं.

ओळखण्याची खरी कसोटी इथे, आपल्याकडे. दुर्बिणीतून पाहताना क्रोनचे व्रण आतड्याच्या लांबीने गेलेले आणि मध्ये निरोगी जागा सोडून दिसतात. क्षयाचे बहुधा आडवे. आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासला तर दोन्हींत पेशींच्या गाठी सापडतात. क्षयाच्या गाठीचा मध्य चुऱ्यासारखा कुजलेला असतो, पण तो प्रत्येक तुकड्यात मिळत नाही. सीबीनॅट या क्षयजंतू शोधणाऱ्या तपासणीत जंतू सापडला तर क्षय नक्की. न सापडला तर काहीच नक्की नाही. शौचातलं कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन सूज आहे एवढंच सांगतं, कुणाची ते नाही. आणि चूक दोन्हीकडून महाग पडते. क्रोन समजून स्टिरॉइड दिलं तर क्षय पसरतो. क्षय समजून टीबीच्या गोळ्या दिल्या तर क्रोनच्या रुग्णाचं अर्धं वर्ष वाया जातं आणि तेवढ्यात आतडं अरुंद होत राहतं.

म्हणून संशय राहिला की अनेकदा टीबीचा उपचार सुरू करून पाहतात. इथेच सावध राहायला हवं. या गोळ्यांनी क्रोनच्या रुग्णालाही थोडं बरं वाटू शकतं. व्रण मात्र भरत नाहीत. तेव्हा घरात कुणाला आतड्याच्या टीबीचं औषध चालू असेल तर ते स्वतःहून बंद करू नका. पण दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना विचारा: व्रण भरले का, हे दुर्बिणीने पुन्हा बघायचं का? जुन्या तपासणीचा रिपोर्ट आणि तुकड्याच्या काचपट्ट्या जपून ठेवा, आणि पुण्याला मोठ्या रुग्णालयात जाताना बरोबर न्या.