खुडूक कोंबडीचा हिशेब

आरे म्हटले की मुंबईकराला दूध आठवते आणि अलीकडे मेट्रोची कारशेड. शहरातले तबेले हलवून दारा खुरोडी यांनी उभ्या केलेल्या या वसाहतीचे उद्घाटन १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. म्हशींचा तो इतिहास बराच लिहिला गेला आहे. त्याच आरेत केंद्र सरकारचे कोंबड्यांचे एक केंद्रही आहे, हे मात्र बोरिवलीत जन्म काढलेल्या मलाही चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हते. पशुसंवर्धनाच्या जुन्या पुस्तिका रद्दीवाल्यांकडून गोळा करण्याची खोड लागली आणि त्यातून हा धागा हाती आला.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६-६१) अखिल भारतीय कुक्कुटविकासाचा कार्यक्रम आखला गेला आणि बंगळूर, मुंबई, भुवनेश्वर, दिल्ली व सिमला येथे पाच प्रादेशिक कुक्कुटक्षेत्रे निघाली. मुंबईचे आरेत आले. पुढे पुनर्रचना होऊन ते केंद्रीय कुक्कुट विकास संघटनेचे पश्चिम विभागाचे ठाणे झाले. उद्देश सरळ होता. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घालते, तीही लहान. इटलीच्या लिव्होर्नो बंदरावरून नाव मिळालेली पांढरी लेगहॉर्न किंवा अमेरिकेतली तांबडी ऱ्होड आयलंड रेड त्याच्या कितीतरी पट घालते. तेव्हा विलायती रक्त खेड्यात न्यायचे.

न्यायची रीत अशी, की गावात जातिवंत कोंबडे द्यायचे आणि गावठी कोंबडे काढून टाकायचे. पहिल्या पिढीत निम्मे रक्त विलायती, दुसरीत पाऊण, तिसरीत आठातले सात भाग. कागदावर हे गणित चोख आहे. पण गावठी कोंबडा काढून टाकायचा कोणी? तो देवाला बोललेला असतो, पाहुण्यासाठी राखलेला असतो, आणि शेजारणीचा कोंबडा तर कुंपण मानतच नाही. दुसरा मार्ग उबवणीच्या अंड्यांचा व पिल्लांचा. महाराष्ट्रात खडकीच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रासारख्या ठिकाणांहून ती जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊ लागली. साठच्या दशकात युनिसेफच्या मदतीने चाललेल्या पोषण कार्यक्रमानेही गावच्या मुलाला अंडे मिळावे म्हणून कोंबड्यांचा आधार घेतला.

माझ्या आत्याला कोकणात अशाच एका वाटपात सहा पांढऱ्या तलंगा मिळाल्या होत्या. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. दोन घारीने नेल्या, एक मुंगसाने. हिरव्या परड्यात पांढरे पीस दुरूनही दिसते. त्या पक्ष्याला लपायची अक्कलही नव्हती. उरलेल्या तिघी अंडी भरपूर घालायच्या, पण बसायच्या नाहीत. आत्या म्हणायची, ''ह्या कधी खुडूकच होत नाहीत, ह्यांना आईपण ठाऊक नाही.'' शेवटी तिने शेजारच्या काकींची खुडूक झालेली गावठी कोंबडी मागून आणली, तिच्याखाली ही पांढरी अंडी ठेवली आणि निघालेल्या पिल्लांतली निम्मी काकींना दिली.

आत्याच्या या तक्रारीत कुक्कुटविकासाचा मधला पेच सापडतो, असे मला आता वाटते. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. अंग तापते, दाणापाणी कमी होते, खुराड्यातून हलत नाही. एकवीस दिवस ती बसते. मग सहा-आठ आठवडे पिल्ले घेऊन फिरते; घार दिसली की पंखाखाली घेते, उकिरडा उकरून किडे दाखवते. एका खेपेला सुमारे अडीच महिने गेले. वर्षाला अशा तीन खेपा धरल्या तर सव्वादोनशेच्या आसपास दिवस ती अंडेच घालत नाही. म्हणजे तिचे अंड्यांचे 'कमी उत्पादन' हा बराचसा आईपणाला लागलेला वेळ आहे. माझ्याकडच्या पुस्तिकांतल्या तक्त्यांत अंड्यांचा रकाना आहे, वाढवलेल्या पिल्लांचा नाही. भट्टी, मजूर, ऊब आणि राखण हे सारे ती फुकट करते, म्हणून ते मोजले गेले नाही.

पैदासकारांनी निवड करताना खुडूकपणा हा दोष धरला, आणि अंड्यांच्या हिशेबात तो होताच. पिंजऱ्यातल्या व्यवसायाला तर असाच पक्षी हवा होता. १९७१ साली पुण्यात बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज काढली, १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली, आणि वर्षाला तीनशेहून अधिक अंडी घालणारी कोंबडी ही नित्याची गोष्ट झाली. त्या यशाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मुंबईच्या चाळीतल्या मुलाला परवडणारे अंडे त्याच वाटेने मिळाले. पण ती कोंबडी परसातली नव्हे.

परसाकडे शास्त्रज्ञ पुन्हा वळले ते ऐंशीच्या दशकात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने १९८९ मध्ये 'गिरिराजा' आणली, हैदराबादच्या कुक्कुट प्रकल्प संचालनालयाने 'वनराजा', आणि नव्वदच्या दशकात केग फार्म्स या खाजगी कंपनीने 'कुरॉयलर'. आधीच्या पिढीने कोंबडी पांढरी करण्यात हयात घालवली. या पिढीने तिच्यावर मुद्दाम रंगीत पिसे परत आणली. घारीला चुकवावे म्हणून, आणि गिऱ्हाइकाला गावठी वाटावी म्हणूनही. वनराजा परसातल्या खाण्यावर वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देते, म्हणजे गावठीच्या दुपटीच्या आसपास. आरेच्या केंद्रातूनही परसात जगणाऱ्या अशा जातींची पिल्ले आणि त्यांच्या संगोपनाचे प्रशिक्षण देण्यात येऊ लागले.

रंग परत आला, खुडूकपणा फारसा आला नाही. शिवाय या संकरित कोंबड्या. त्यांची अंडी गावठीखाली उबवली तरी पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून पिल्ले पुन्हा बाहेरूनच आणावी लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठीच्या केंद्रीय योजनेत चार आठवडे सांभाळलेली पिल्ले टप्प्याटप्प्याने देण्याची सोय केली गेली. 'मदर युनिट' हे तिथल्या शेडचे अधिकृत नाव. ऊब, राखण, पहिल्या लसी, सारे त्या शेडमध्ये. त्या नामकरणावर मी काही बोलत नाही.

गावठीचीही एक पडती बाजू आहे, ती लपवू नये. मानमोडी आली की खुराडे दोन दिवसांत रिकामे होते. १९२७-२८ च्या सुमारास कुमाऊँमधल्या राणीखेतवरून या रोगाला नाव मिळाले; त्यावरची लस अनेक दशके उपलब्ध आहे, पण शेकडो मात्रांची बाटली फोडली की ती काही तासांत संपवावी लागते, आणि दहा कोंबड्यांच्या घराला ते जमत नाही. पाच घरांनी एका सकाळी कोंबड्या डालग्यात घालून एकत्र आणल्या तर जमते. जात न बदलताही हे करता आले असते. नवी जात वाटली की फोटो निघतो, लसीच्या सकाळचा निघत नाही.

आता अंधेरीच्या बाजारात बदामी अंड्यांची टोपली 'गावठी' म्हणून पांढऱ्यांपेक्षा चढ्या दराने विकली जाते. कवचाचा रंग जातीवर ठरतो, कोंबडी अंगणात फिरली की पिंजऱ्यात राहिली यावर नाही. बदामी अंडी घालणाऱ्या पिंजऱ्यातल्या जाती पुष्कळ आहेत. विचारले तर विक्रेता हसतो.

गेल्या पावसाळ्याआधी आरेतल्या एका वारली पाड्यावर गेलो होतो. सरकारी केंद्र तिथून फार लांब नाही. ओसरीच्या कोपऱ्यात फुटक्या टोपलीत एक काळी कोंबडी बसली होती. खाली काही अंडी फिकट, तीन-चार मोठी आणि तांबूस. ती कुणाची म्हणून विचारले. बाई म्हणाल्या, ''जावेची रंगीत कोंबडी हाय, तिची. ती बसत नाय ना.'' पिल्ले कशी वाटणार, हेही विचारले. निम्मी-निम्मी.