नव्याच्या सणाचा हलवा

आगरदांड्याच्या धक्क्यावरून राजपुरीच्या खाडीकडे पाहिलें म्हणजे आम्हांस जंजिरा संस्थान आठवतें. १९४८ सालीं विलीन झालेल्या या संस्थानांत सिद्दी नबाबाची हिंदु व मुसलमान रयत आणि मराठी बोलणारे बेने इस्राएल यहुदी शेजारीं नांदत. शनिवारीं तेलाचा घाणा बंद ठेवणाऱ्या या यहुद्यांस कोंकणांत ‘शनिवार तेली’ म्हणत.

त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणें मांसाच्या जेवणांत दूध व तूप वर्ज्य. मग सणाच्या पंगतीस गोड काय करावें? उत्तर दारच्या माडानें दिलें. गहूं भिजवून, वाटून चीक काढावा. तो नारळाच्या दुधांत साखर घालून घट्ट होईपर्यंत घोटावा. वर वेलदोडे व बदामाचे काप पसरून वड्या पाडाव्या. नववर्षास, म्हणजे ‘नव्याच्या सणा’स, हा हलवा होई.

मुसलमानास किंवा शाकाहारी हिंदूस निषिद्ध असें त्यांत कांहींच नाहीं. तरी सोंवळा शेजारी तो खाईना! अडचण पदार्थांत नव्हती, चूल कोणाची यांत होती. ताट स्वीकारण्याचें औदार्य आम्हांस उशिरा सुचलें. तोंवर बहुतेक कुटुंबें इस्राएलला गेलीं, आणि ताट देणारे हातच थोडे उरले.