अग्रदूताचे बारसे

ओल्या मातीतली कुंडी उचलली, की तिळाहून लहान जीव टुणकन उडतात. हे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडलेला दुबेळका सुटला, की हे उडालेच! लिनियसने १७५८ साली त्यांना 'पोडुरा' या प्रजातीत घातले. १८७० मध्ये जॉन लबकने पोटावरच्या चिकट नळीवरून 'कोलेम्बोला' हा निराळा गट मानला.

पण मला मोह पडतो तो १९२६ सालाचा. स्कॉटलंडातील ऱ्हायनीच्या गारगोटीसारख्या दगडात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे काही इवले अवशेष सापडले होते. स्टॅन्ले हर्स्ट आणि पानभुंग्यांचे भारतीय अभ्यासक समरेंद्र मौलिक यांनी नवी प्रजाती, नवी जाती ठरवून बारसे केले: 'ऱ्हायनिएला प्रीकर्सर', म्हणजे अग्रदूत. हा स्प्रिंगटेलच, हे टिलयार्डने १९२८ साली सांगितले. आता तर बहुतेक शास्त्रज्ञ स्प्रिंगटेलांना कीटकांतही धरीत नाहीत.

घर बदलले, कूळ बदलले; नाव मात्र टिकले. शास्त्राचा दंडकच तसा आहे: ज्याने प्रथम रीतसर वर्णन केले, त्याचे नाव पुढे लागायचे. दगड स्कॉटलंडचा, राज्य तेव्हा इंग्रजांचे. तरी त्या अग्रदूतापुढे आजही लिहितात, 'हर्स्ट आणि मौलिक, १९२६'. राज्य गेले, ही ओळ राहिली.