वऱ्हाडचा कापूस आणि आपली दोन शहरं

अमरावती आणि अकोला ही आपल्या वऱ्हाडातली दोन मोठी शहरं. ती वाढली कापसाच्या जोरावर. आज त्याचीच गोष्ट सांगते.

पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन पऱ्हाटीला मानवते. रेल्वे नव्हती तेव्हा अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत पाऊस लागला की माल भिजायचा. १८५३ साली इंग्रजांनी वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून आपल्या हाती घेतला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि आपल्याकडचे भाव चढले.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. अकोला थेट त्या मार्गावर आलं. अमरावती बाजूला राहिली, म्हणून तिच्यासाठी बडनेऱ्याहून फाटा काढला. जिन-प्रेस उभे राहिले. तिथे सरकी वेगळी व्हायची, रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि मुंबईला जायच्या. त्यामागून अडते आले, दलाल आले, सावकार आले. अकोला, बडनेरा, अचलपूर इथे कापडगिरण्याही निघाल्या; पण बहुतेक गाठी बाहेरच गेल्या. कापसाचं सूत होतं, सुताचं कापड होतं, तशी किंमत वाढत जाते. ती वाढ वऱ्हाडाच्या वाट्याला फारशी आली नाही.

या साऱ्या व्यापाराची सुरुवात होते वेचणीपासून, आणि वेचणी म्हणजे बायांचं काम. ओटीत कापूस, बोटांना बोंडाचे ओरखडे, आणि मजुरी किलोवर. घरच्या शेतात तर तीही नाही. १९७२ साली राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. ती पुढे बंद पडली. आजही सरकारी खरेदीत कापूस द्यायचा तर सातबारा लागतो. वेचणारीचं नाव त्यावर बहुधा नसतं.

शेतकरी संघटनेने १९९०च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली होती: जमिनीचा काही हिस्सा घरच्या लक्ष्मीच्या नावे करा. अनेक गावांनी ती ऐकली. काम मात्र अजून पुष्कळ बाकी आहे.

तेव्हा बायांनो, यंदा कापसाची गाडी भरण्याआधी घरचा सातबारा काढून वाचा. त्यावर आपलं नाव नसेल, तर त्याची गोष्ट घरात काढा.