हरलेल्या डावाचे शिक्षण

बुद्धिबळाचा पट नव्याने मांडणारा माणूस आधी पुष्कळ डाव हरतो. त्यात नवल काही नाही. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर मुले जमतात, पट मांडला जातो, आणि लागोपाठ तीन डाव गमावलेले एखादे मूल चौथ्या दिवशी तिकडे फिरकत नाही. ‘माझे डोके या खेळाचे नव्हे,’ असा निर्वाळा त्याने स्वतःच दिलेला असतो आणि आम्ही वडीलधारी मंडळी मुकाट्याने मान डोलावतो. या खेळाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. ती मुलांपर्यंत पोहोचावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

सोळाव्या शतकात स्पेनमध्ये रुय लोपेस नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते. आपल्या काळच्या श्रेष्ठ बुद्धिबळपटूंत त्यांची गणना होई. १५६० मध्ये ते रोमला गेले व तेथे लिओनार्दो नावाच्या तरुण इटालियन खेळाडूस त्यांनी हरवले. त्या मुक्कामात दामियानो या पोर्तुगीज लेखकाचे १५१२ मधील बुद्धिबळविषयक पुस्तक त्यांच्या पाहण्यात आले. ते त्यांना उणे वाटले, म्हणून १५६१ मध्ये त्यांनी स्वतःच ग्रंथ लिहिला. राजापुढचे प्यादे, मग घोडा, मग उंट, अशा ज्या प्रारंभास आजही त्यांचे नाव आहे, त्याची चर्चा त्या ग्रंथात आहे. प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर ऊन येईल असा पट ठेवावा, असाही एक सल्ला त्यात आहे. तेवढा आमच्या मुलांनी घेऊ नये!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. हरलेला लिओनार्दो घरी बसून राहिला नाही. त्याने कसून सराव केला आणि १५७५ च्या सुमारास माद्रिदला, राजा दुसरा फिलिप याच्या दरबारात, त्याच लोपेस यांना हरवले. जिंकणाऱ्याने ग्रंथ लिहिला, हरणाऱ्याने अभ्यास केला. आणि अखेरीस अभ्यासाने ग्रंथकर्त्यालाही नमवले.

याच काळात, याच देशात, अविलाच्या संत तेरेजा आपल्या मठभगिनींसाठी ‘परिपूर्णतेचा मार्ग’ हा ग्रंथ लिहीत होत्या. प्रार्थनाजीवन समजावताना त्यांनी बुद्धिबळाचा दाखला घेतला आहे. ज्या सोंगटीला आपण वजीर म्हणतो तिला तिकडे राणी म्हणतात. नम्रता हीच ती राणी आणि तिच्या बळावर त्या दिव्य राजाला शह देता येतो, असा त्यांचा आशय आहे. मठात या खेळाला परवानगी नसताना आपली माता तो जाणते, याची त्यांनी थोडी थट्टाही केली आहे. ग्रंथाच्या दुसऱ्या लेखनात हा भाग त्यांनी गाळला. पहिले हस्तलिखित टिकले म्हणून तो आपल्याला वाचता येतो. त्यांचा रोख अर्थातच खेळाकडे नव्हता. तरीही आपली चूक कबूल केल्याशिवाय पटावर कोणीही पुढे जात नाही, हे आम्हांस त्यावरून आठवते.

मग नवशिक्याने अभ्यास कोठून सुरू करावा? बहुतेकांचा हात प्रारंभीच्या चाली पाठ करण्याकडे जातो. क्युबाचा होसे राउल कापाब्लांका १९२१ मध्ये जगज्जेता झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पाठ्यपुस्तकाची सुरुवात मात्र डावाच्या शेवटापासून होते. पटावर एकटा राजा आणि समोर राजा व हत्ती; मात कशी करावी? राजा व एकच प्यादे उरले, तर ते शेवटच्या घरात कसे न्यावे? सोंगट्या थोड्या असल्या की प्रत्येकीचे बळ डोळ्यांना दिसते. ते कळले म्हणजे भरल्या पटावरील गर्दीतही माणूस वाट चुकत नाही.

या मताची साक्ष आपल्याच उपखंडातील एका खेळाडूने दिली. पंजाबचा सुलतान खान देशी बुद्धिबळात वाढला. त्या खेळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. पाश्चात्त्य नियम त्याने मागाहून आत्मसात केले. प्रारंभीच्या चालींचे त्याचे पुस्तकी ज्ञान तोकडे होते, पण डावाच्या अखेरीस तो बलाढ्य होई. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वर्षे त्याने ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले, आणि १९३० च्या डिसेंबरात हेस्टिंग्ज येथे प्रत्यक्ष कापाब्लांकाला हरवले. जागतिक संघटनेने त्याला सन्माननीय ग्रँडमास्टर पद दिले ते २०२४ मध्ये, मृत्यूनंतर जवळजवळ सहा दशकांनी.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला व ती ग्रँडमास्टर झाली. विजयाच्या त्या घटकेलाही, आपल्याला डावाच्या अखेरचा भाग अजून शिकायला हवा, असे ती म्हणाली. जगाने टाळ्या वाजवल्या तरी तिचे लक्ष स्वतःच्या उणिवेवरच होते.

तेव्हा पालकांनी मुलाला एक वही द्यावी. डावातील प्रत्येक चाल त्याने तीत लिहावी आणि हरल्यावर, डाव नेमका कोणत्या चालीला हातचा गेला, ते शोधून तिच्याखाली रेघ ओढावी. चाल करण्यापूर्वी, ‘समोरच्याने आताची चाल का केली?’ एवढे मनाशी विचारावे. आपल्याहून बऱ्या खेळाडूशी खेळण्यास लाजू नये. रोज चार सोंगट्यांचा एखादा लहान शेवट मांडून सोडवावा.

पुढच्या सुट्टीत ते रुसलेले मूल ओसरीवर आले, तर आम्ही ‘किती डाव जिंकलास?’ असे विचारणार नाही. त्याला जवळ बसवू आणि हरलेला एखादा डाव पहिल्या चालीपासून मांडून दाखव म्हणू.